खुनी, थडगी आणि दंतकथा : वाचकांचे प्रश्न

कुप्रसिद्ध खुन्यांची थडगी आणि त्यांच्याभोवती वाढलेल्या कथा, या विषयावर आलेल्या प्रश्नांतून निवडलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : एच. एच. होम्स हा अमेरिकन खुनी फाशीतून निसटला आणि त्याच्या थडग्यात दुसरंच कोणी पुरलंय, असं वाचलं. थडग्यात सिमेंट ओतायला त्यानेच सांगितलं होतं म्हणे. यात खरं किती?

सिमेंटची गोष्ट खरी, निसटल्याची खोटी. होम्सचं मूळ नाव हर्मन वेब्स्टर मजेट. फिलाडेल्फियाच्या मोयामेन्सिंग तुरुंगात ७ मे १८९६ रोजी त्याला फाशी झाली. आपलं प्रेत चोरून शवविच्छेदनाच्या टेबलावर नेतील, ही त्याची धास्ती होती. त्यानेच वैद्यकीचं शिक्षण घेतलं होतं आणि प्रेतांचा बाजार कसा चालतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे धास्ती अनाठायी नव्हती. त्याच्या इच्छेप्रमाणे शवपेटीत सिमेंट ओतलं गेलं आणि यीडन इथल्या होली क्रॉस दफनभूमीत नेहमीपेक्षा खोल खड्ड्यात ती पुरली. एवढा बंदोबस्त पाहून लोकांनी नेमका उलटा अर्थ लावला : पेटीत लपवण्यासारखं काहीतरी असणार! दोनेक वर्षांतच तो जिवंत असल्याच्या वावड्या उठल्या.

२०१७ मध्ये वंशजांच्या अर्जावरून न्यायालयाने परवानगी दिली आणि थडगं उघडलं. सिमेंटच्या कोंडवाड्यात प्रेत नेहमीसारखं कुजलं नव्हतं. कपडे जवळपास धड होते, मिशीसुद्धा जागेवर होती, पण मांस सडलेलं होतं आणि दुर्गंधी तशीच होती. कामाचा डीएनए मिळाला नाही. ओळख पटली ती दातांवरून, आणि ती होम्सचीच. पुन्हा पुरून टाकला.

या प्रकरणात थडग्यापेक्षा मोठी थाप आकड्यांची आहे. ‘२०० खून’ हा आकडा त्याच्या मृत्यूनंतर खूप वर्षांनी सनसनाटी लिखाणातून आला. होम्सने स्वतः २७ खुनांचा कबुलीजबाब एका वृत्तपत्राला पैसे घेऊन विकला, आणि त्यातली काही माणसं त्या वेळी जिवंत होती! न्यायालयात सिद्ध झाला तो एकच खून, त्याचा साथीदार बेंजामिन पिटझेल याचा. पिटझेलच्या तीन मुलांचाही जीव त्यानेच घेतला याबद्दल मात्र शंका नाही. फ्रँक गायर या गुप्तहेराने १८९५ मध्ये होम्सच्या प्रवासाचा माग काढत दोन मुलींची प्रेतं टोरोंटोतल्या एका घराच्या तळघरातून आणि मुलाचे अवशेष इंडियानापोलिसजवळच्या घरातून शोधून काढले. होम्सचा शिकागोतला ‘मृत्युमहाल’ हा जागतिक मेळ्यातल्या पाहुण्यांना गिळणारा हॉटेलचा सापळा होता, हे चित्रही बरंचसं नंतर रंगवलेलं. ती इमारत मुख्यतः कर्ज बुडवण्याचं आणि विम्याच्या लबाड्यांचं केंद्र होती.

प्रश्न : तैमूरलंगची कबर उघडली आणि लगेच हिटलरने रशियावर हल्ला केला. याला योगायोग कसा म्हणायचा?

तारखा लावून पाहा. समरकंदमधल्या गुर-ए-अमीर या मकबऱ्यातली कबर मिखाईल गेरासिमोव यांच्या सोव्हिएत पथकाने जून १९४१ च्या तिसऱ्या आठवड्यात उघडली. जर्मन फौजा २२ जूनला सरहद्द ओलांडून आत आल्या. इथपर्यंत कथा बरोबर आहे. पण त्या हल्ल्याचा हुकूमनामा, म्हणजे हिटलरचा निर्देश क्रमांक २१, त्यावर सही झाली १८ डिसेंबर १९४० रोजी. तयारी पुरी करण्याची मुदत होती १५ मे १९४१. मुहूर्त पुढे ढकलला गेला म्हणून तो कबर उघडण्याच्या तारखेला येऊन भिडला. लाखो सैनिक, रणगाडे, दारूगोळा महिनोन्‌महिने सरहद्दीवर जमत होते, तेव्हा कबरीचा दगड जागचा हललाही नव्हता.

‘जो माझी कबर उघडेल त्याच्यावर माझ्याहून भयंकर आक्रमक चालून येईल’ हा लेख कबरीवर कोरलेला आहे, असं छातीठोकपणे सांगतात. दगडावर आहे ती वंशावळ. शापाचं वाक्य तिथे सापडत नाही. चहाच्या दुकानात जुनं पुस्तक घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांनी इशारा दिला, ही गोष्ट मोहिमेचं चित्रण करणारे मलिक कयूमोव यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितली. हाडं १९४२ च्या अखेरीस परत ठेवली आणि लगोलग स्टालिनग्राडला पारडं फिरलं, हे शेपूट त्याच कथेला जोडलेलं.

शापाच्या नादात खरी माहिती मागे पडते. सांगाड्याच्या उजव्या पायावर आणि उजव्या हातावर जुन्या जखमांनी आलेला ताठपणा स्पष्ट दिसला. ‘लंग’ म्हणजे लंगडा ही शत्रूंनी केलेली टवाळी नव्हती, वर्णन होतं. आणि कवटीवरून गेरासिमोव यांनी त्याचा चेहराही घडवला.

प्रश्न : स्कॉटलंडच्या दफनभूमींत थडग्यांवर लोखंडी पिंजरे दिसतात. मेलेले बाहेर येऊ नयेत म्हणून ते लावले, असं एका चित्रफितीत सांगितलं होतं.

चित्रफितीने दिशाच उलटी केली. आतला बाहेर येईल याची भीती नव्हती, बाहेरचे आत जातील याची होती. १८३२ पूर्वी ब्रिटनमध्ये शवविच्छेदनासाठी कायदेशीर प्रेतं मिळत ती प्रामुख्याने फाशी गेलेल्या खुन्यांची. शरीरशास्त्राच्या खाजगी शाळा वाढल्या, विद्यार्थी वाढले, फाशा पुरेनात. ती तूट भरून काढत प्रेतचोर.

त्यांची पद्धत ठरलेली होती. ताजं थडगं निवडायचं. आवाज होऊ नये म्हणून लाकडी फावडं घ्यायचं. सगळा खड्डा न उकरता फक्त डोक्याच्या बाजूला खणायचं, पेटीचं झाकण आकड्याने उचकटायचं, वरची माती झाकणावर भार देतेच, त्यामुळे फळी मधेच मोडते. मग दोराने प्रेत ओढून काढायचं. कफन परत पेटीत टाकायचं, कारण इंग्लंडच्या कायद्यात प्रेत ही कुणाची मालमत्ता नव्हती, पण कफन होतं. कफन उचललं की चोरीचा गुन्हा! माती पूर्ववत लोटली की सकाळी नातेवाइकांना पत्ताही लागत नसे. धंदा हिवाळ्यात तेजीत असे. वर्ग तेव्हाच भरत आणि थंडीत माल टिकत असे.

पिंजरा हा त्यावरचा उतारा. लोखंडी सळ्या आणि पट्ट्यांचा जड सांगाडा पेटीभोवती किंवा थडग्यावर बसवायचा, कुलपं घालायची, आणि साधारण सहा आठवड्यांनी प्रेत विच्छेदनाच्या कामाचं उरलं नाही की सांगाडा काढून पुढच्या कुटुंबाला द्यायचा. बऱ्याच ठिकाणी तो भाड्याने मिळत असे. ज्यांना तोही परवडत नसे ते रात्री पहारा देत. दफनभूमीच्या कडेला दिसणाऱ्या लहान दगडी खोल्या त्याच पहारेकऱ्यांच्या. पिंजरे आजही पाहायला मिळतात ते एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत.

इथे बर्क आणि हेअर यांचं नाव हटकून येतं, आणि चुकीच्या कारणाने. हे दोघे प्रेतचोर म्हणून प्रसिद्ध, पण त्यांनी एकही थडगं उकरल्याचा पुरावा नाही. हेअरच्या घरी डोनाल्ड नावाचा म्हातारा भाडेकरू ४ पौंड भाडं थकवून आजारपणाने मेला. वसुली म्हणून दोघांनी पेटीत कातडी कमावायची साल भरली आणि प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शाळेत ७ पौंड १० शिलिंगांना विकलं. खणायचे कष्ट नाहीत, पहारेकऱ्यांची भीती नाही. त्यानंतर १८२८ मध्ये त्यांनी १६ जणांना मारून विकलं. बहुतेकांना आधी दारू पाजली. अंगावर जखमेची खूण नसल्यामुळे विकत घेणाऱ्यांनी प्रश्न विचारले नाहीत, किंवा विचारायचे टाळले, असंच म्हणावं लागतं. ३१ ऑक्टोबरच्या रात्री मारलेल्या बाईचं प्रेत पलंगाजवळच्या गवतात दुसऱ्या भाडेकरूंना सापडलं आणि प्रकरण फुटलं. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी फाशी झाली आणि शिक्षेचा भाग म्हणून त्याचंच विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा एडिंबरो विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. १८३२ च्या कायद्याने बेवारस प्रेतं शाळांना मिळू लागली आणि प्रेतचोरांचा धंदा बसला. त्याची किंमत दरिद्री-आश्रमांत मरणाऱ्यांनी मोजली, हे मात्र कमी सांगितलं जातं.

प्रश्न : मर्सी ब्राउन या मुलीचं प्रेत दोन महिन्यांनी बाहेर काढलं तर हृदयात रक्त होतं. डॉक्टर हजर असताना हे कसं घडलं? आणि मेल्यावर नखं-केस वाढतात का?

मर्सी वारली १७ जानेवारी १८९२ रोजी, ऱ्होड आयलंडमधल्या एक्झेटर गावी, वय १९. क्षयाने. त्याआधी आई १८८३ मध्ये आणि थोरली बहीण १८८४ मध्ये त्याच रोगाने गेली होती, आणि आता भाऊ एडविन खंगत चालला होता. मेलेल्यांपैकी कोणीतरी त्याचं रक्त शोषतंय, असं शेजाऱ्यांनी ठरवलं. वडिलांचा यावर विश्वास नव्हता, पण गावापुढे त्यांचं चाललं नाही. १७ मार्चला तिन्ही प्रेतं तपासली. आई आणि बहीण यांची हाडं उरली होती. मर्सी जवळपास जशीच्या तशी होती.

कारण पंचांग पाहिलं की कळतं. दोघींना जमिनीत जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. मर्सीला दोन महिने झाले होते, तेही न्यू इंग्लंडच्या कडाक्याच्या थंडीत, आणि ती जमिनीत नव्हतीच. हिवाळ्यात जमीन गोठली की पेट्या दगडी कोठीत ठेवत, तिथे ती होती. थोडक्यात, शीतपेटीत. तपासणाऱ्या डॉक्टरांनी हे सगळं स्वाभाविक असल्याचं आणि फुप्फुसात क्षयाच्या खुणा असल्याचं सांगितलं. रॉबर्ट कॉक या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू शोधून तेव्हा दहा वर्षं झाली होती. तरीही हृदय आणि यकृत जवळच्या खडकावर जाळलं आणि राख पाण्यात कालवून एडविनला पाजली. तो २ मे रोजी वारला.

आता हृदयातल्या रक्ताचं. मेल्यावर रक्त गोठतं हे खरं, पण त्या गुठळ्या पुष्कळदा पुन्हा पातळ होतात. त्यामुळे चिरल्यावर द्रव रक्त निघणं यात अघटित काही नाही. पुढचे टप्पे पाहिले तर युरोपातल्या रक्तपिपासूंच्या कथांमधली बहुतेक लक्षणं एकेक करून सुटतात. मृत्यूनंतरचा ताठरपणा साधारण दीड-दोन दिवसांत ओसरतो, म्हणून अंग ‘जिवंतासारखं लवचीक’ लागतं. आतड्यातल्या जंतूंच्या वायूने पोट आणि चेहरा फुगतो, म्हणजे खंगून मेलेला माणूस ‘धष्टपुष्ट’ दिसतो. तोच दाब फुप्फुसातला लालसर काळा द्रव नाकातोंडातून बाहेर ढकलतो : ‘रक्त पिऊन आला’. फुगलेल्या छातीत खुंटी ठोकली की वायू घशातून जोरात निघतो : ‘किंचाळला’.

नखं आणि केस वाढत नाहीत. बोटांच्या टोकांची आणि हनुवटीची कातडी सुकून मागे सरते, तेवढाच भाग जास्त उघडा पडतो. पुढे वरची कातडी हातमोज्यासारखी निघून येते, कधी नखांसकट, आणि खाली गुलाबीसर ओलसर थर दिसतो. १७२५ मध्ये सर्बियातल्या किसिलोवा गावी पेटर प्लोगोयोविट्झचं थडगं उघडलं तेव्हा हजर असलेल्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने लिहून ठेवलं की जुनी कातडी गळून नवी आली आहे, जुनी नखं जाऊन नवी फुटली आहेत. त्याने पाहिलं ते अचूक लिहिलं. अर्थ तेवढा चुकला.

एक जुना ठोकताळा उपयोगी आहे : उघड्या हवेत एका आठवड्यात जेवढं कुजतं तेवढ्याला पाण्यात दोन आणि जमिनीत पुरल्यावर आठ आठवडे लागतात. थंडी, पेटीचा घट्टपणा आणि चिकणमाती हा काळ आणखी लांबवतात. ‘अमुक महिन्यांनीही प्रेत ताजं होतं’ असं वाचलं की आधी ऋतू, खोली आणि माती विचारा.

प्रश्न : फाशी दिलेल्यांवर तुरुंगात चुना टाकत, म्हणजे हाडंसुद्धा उरत नसत. मग नेड केलीची हाडं सापडली कशी?

चुना प्रेत खातो, हा समज तुरुंगाधिकाऱ्यांचाही होता. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो तापतो खरा, पण ती उष्णता प्रेत जाळण्याइतकी नसते. त्यानंतर तो ओलावा शोषतो, कुजवणाऱ्या जंतूंना जगू देत नाही आणि हळूहळू कडक कवच धरतो. परिणाम उलटाच : कुजणं मंदावतं. आयरिश क्रांतिकारक रॉजर केसमेंट यांना १९१६ मध्ये लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात फाशी देऊन चुन्यात पुरलं होतं, आणि १९६५ मध्ये त्यांचे अवशेष आयर्लंडला नेता आले.

केली हा ऑस्ट्रेलियाचा दरोडेखोर. १८७८ मध्ये त्याच्या टोळीने तीन पोलिसांना मारलं. ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात त्याला फाशी झाली आणि तिथेच पुरलं. १९२९ मध्ये बांधकामाच्या वेळी तिथली थडगी उकरली गेली आणि हाडं पेंट्रिज तुरुंगात एकत्र पुरली. तिथे ३० हून अधिक जणांचे अवशेष कालवलेले होते. २०११ मध्ये त्यांतून केली ओळखला गेला. तपासणी केली ती मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएची. हा डीएनए फक्त आईकडून मुलांना मिळतो. म्हणून तुलनेसाठी केलीच्या स्वतःच्या वारसाची गरज नसते. बहिणीची मुलगी, तिची मुलगी, अशी बायकांची साखळी न तुटता आली की शेवटचा दुवा पुरुष असला तरी चालतो. दुसरा फायदा असा की प्रत्येक पेशीत या डीएनएच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे सव्वाशे वर्षांच्या हाडातही काही उरतात. अडचण एकच : आईकडच्या सगळ्या नातेवाइकांचा तो सारखाच असतो. त्यामुळे माणूस नक्की करायला हाडांवरच्या जखमा, वय, जुन्या नोंदी यांची जोड लागते. केलीच्या हाडांवर शेवटच्या चकमकीतल्या गोळ्यांच्या खुणा होत्या.

आणि वर्षानुवर्षं ‘नेड केलीची’ म्हणून तुरुंगाच्या संग्रहालयात मांडलेली कवटी? १९७८ मध्ये ती चोरीला गेली, २००९ मध्ये परत आली, आणि तपासल्यावर दुसऱ्याचीच निघाली. केलीचे अवशेष जानेवारी २०१३ मध्ये ग्रेटा इथे खूण न ठेवता पुरले, वर काँक्रीट टाकून.

प्रश्न : खुन्यांच्या थडग्यांवर दगड का नसतात?

बहुतेक वेळा चोरांमुळे. एड गीन या अमेरिकन खुन्याचा दगड स्मरणिकांच्या हौशी लोकांनी तुकडा तुकडा करून पळवला आणि २००० मध्ये अख्खाच नेला. पुढच्या वर्षी तो सिॲटलजवळ मिळाला, पण परत बसवला नाही. बिली द किड या अमेरिकन दरोडेखोराचा दगड १९५० मध्ये गेला तो १९७६ मध्ये टेक्ससमध्ये सापडला, १९८१ मध्ये पुन्हा गेला आणि कॅलिफोर्नियात मिळाला. आता तो लोखंडी पट्ट्यांनी जखडलेला आहे.

प्रश्न : हंगेरीची सरदारीण एलिझाबेथ बाथोरी हिने ६५० मुलींच्या रक्ताने स्नान केलं. तिचं थडगं कुठे आहे?

रक्तस्नान खोटं, आकडा संशयास्पद, थडगं अज्ञात. ३० डिसेंबर १६१० च्या सुमारास पॅलाटिन, म्हणजे राजाचा सर्वांत वरचा अधिकारी, ग्यॉर्गी थुर्झो याने तिला पकडलं. ३०० हून अधिक जबान्या घेतल्या गेल्या. नोकरमंडळींनी ३०-५० च्या आसपास मृत्यू सांगितले. ६५० हा आकडा एका साक्षीदार मुलीचा : बाईच्या हस्ताक्षरातली यादी कुणीतरी पाहिली, असं तिने ऐकलं होतं. ती वही कधी पुढे आली नाही. रक्तस्नानाचा तर जबान्यांत उल्लेखच नाही. तो छापून आला १७२९ मध्ये, म्हणजे ती मेल्यावर शंभरहून अधिक वर्षांनी.

म्हणून ती निर्दोष ठरते का? राजा तिच्या घराण्याचा कर्जदार होता, ती विधवा होती, जमीन अफाट होती, हे मुद्दे पुढे करून सगळा कट होता असं अलीकडे म्हणतात. कट असेलही, पण मारहाणीच्या आणि उपासमारीच्या जबान्या इतक्या वेगवेगळ्या लोकांनी दिल्यात की त्या सरसकट झटकता येत नाहीत. नोकरांना देहान्त शिक्षा झाल्या, तिच्यावर खटला चाललाच नाही. २१ ऑगस्ट १६१४ रोजी ती चाख्तित्सेच्या किल्ल्यात कैदेतच वारली. तिथल्या चर्चमध्ये पुरलं, मग माहेरच्या गावी हलवलं, असं सांगतात. दोन्हीकडे थडगं दाखवता येत नाही.

प्रश्न : ठग बेहरामने ९३१ खून केले, हा जागतिक विक्रम ना?

विक्रमांच्या यादीत चढलेला हा आकडा त्याच्या टोळीचा आहे, आणि तोही बेहरामच्या तोंडचा. ४० वर्षांत ९३१ खुनांच्या वेळी आपण हजर होतो, असं तो म्हणाला. स्वतःच्या हातांनी गळा आवळलेले सुमारे सव्वाशे, हेही त्याचंच म्हणणं. हे सांगणारे माफीचे साक्षीदार होते. उपयोगाची माहिती देत राहिलं तर गळ्यातला फास टळत होता, हे आकडा वाचताना विसरू नये. शिवाय १८३६ च्या कायद्याप्रमाणे टोळीत असणं एवढंच जन्मठेपेला पुरेसं होतं, त्यामुळे एकेक खून वेगळा सिद्ध करायची गरज सरकारला नव्हती.

पण ठग म्हणजे इंग्रजांनी रचलेलं बुजगावणं, असं म्हणणाऱ्यांनी थडग्यांचा पुरावा पाहावा. साक्षीदारांनी बोट दाखवलं तिथे खणल्यावर प्रेतं निघाली. फिरंगिया या पकडलेल्या ठगाने सलोहदा इथे दाखवलेल्या जागा ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याच्या मुक्कामाच्या आमराईतच होत्या. नरसिंहपूरला स्लीमन स्वतः न्यायाधीश असताना त्याच्यापासून एका मजलेवर ठगांची एक मोठी ‘बेल’, म्हणजे मारण्या-पुरण्याची ठरलेली जागा होती, आणि त्याला तेव्हा त्याचा गंधही नव्हता. टोळीत खड्डे खणणारे वेगळे असत, त्यांना ‘लुघा’ म्हणत. पुरलेलं प्रेत फुगलं की माती फुटते आणि कोल्ही उकरतात, याची त्यांना जाण होती. त्यासाठी ते प्रेताला चिरे देत आणि ताज्या मातीवर चूल पेटवून किंवा राहुटी ठोकून खूण लपवत.

प्रश्न : बार्बाडोसच्या चेस तळघरातल्या शवपेट्या आपोआप हलत. हे तरी खरं का?

कथा अशी : ऑइस्टिन्स इथल्या चर्चच्या आवारातलं हे दगडी तळघर १८१२ ते १८२० दरम्यान जेव्हा जेव्हा उघडलं, तेव्हा शिशाच्या जड पेट्या अस्ताव्यस्त पडलेल्या होत्या. जमिनीवर वाळू पसरून गव्हर्नरच्या समोर दार बंद करूनही तेच झालं. तळघर आहे, घराणं होतं, गव्हर्नर होता. नाही ती त्या काळची नोंद. छापील स्वरूपात ही कथा प्रथम आली १८३३ मध्ये. पुढे शोध घेतला तेव्हा चर्चच्या दफननोंदवहीत आणि तेव्हाच्या वर्तमानपत्रांत यातलं काहीच सापडलं नाही. पुरामुळे पेट्या तरंगल्या का, भूकंप झाला का, यावर लोक पानंच्या पानं लिहितात. आधी घटना घडली हे तर ठरू द्या!

प्रश्न : चुकून जिवंत पुरलं गेलं तर कळावं म्हणून घंटा लावलेल्या शवपेट्यांमुळे किती जण वाचले?

वाचल्याची खात्रीलायक नोंद नाही. १८२९ मध्ये टाबेर्गर या जर्मन डॉक्टरने प्रेताच्या हातापायांना दोऱ्या बांधून वर घंटेला जोडायची रचना सुचवली. १८९७ मध्ये काउंट कार्निचे-कार्निचकी यांच्या पेटीत छातीवर गोळा असे. तो हलला की नळी उघडून हवा आत येई, घंटा वाजे, वर झेंडा उभा राही. दोष मूळ कल्पनेतच होता. प्रेत फुगतं, हात सरकतात, छाती उचलते, आणि घंटा वाजते. जिवंत माणसाची हालचाल आणि कुजणाऱ्या प्रेताची हालचाल या यंत्राला वेगळ्या कळत नाहीत.

प्रश्न : एखाद्या थडग्याची दंतकथा स्वतः तपासायची तर सुरुवात कुठून करावी? दगडावरची अक्षरं पुसट झाली असतील तर काय?

तीन तारखा काढा : माणसाच्या मृत्यूची, दगड बसवल्याची, आणि कथा पहिल्यांदा लिहिली गेल्याची. दगड पुष्कळदा मृत्यूनंतर दशकांनी, कधी पर्यटकांसाठीच बसवलेला असतो. तिसरी तारीख सर्वांत कामाची, आणि तिच्यासाठी जुनी वर्तमानपत्रं मागे मागे चाळावी लागतात. त्यानंतर दफननोंदवही : नाव, वय, दिवस आणि प्लॉट क्रमांक. नोंदवहीत नाव नसेल तर लगेच अर्थ काढू नका, शेजारच्या परगण्याची वहीही पाहा. गुन्हेगाराच्या बाबतीत तुरुंगाची किंवा मृत्युचौकशीची कागदपत्रं जास्त बोलतात.

पुसट अक्षरांसाठी हवा तिरका प्रकाश. ऊन दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर येतं ती वेळ पकडा, नाहीतर मोठा आरसा बाजूला धरून ऊन कडेने दगडावर फेका. दोघं असले तर सोपं जातं, एकाने आरसा हळूहळू फिरवायचा आणि दुसऱ्याने कॅमेरा न हलवता पाच-सहा फोटो घ्यायचे. एका कोनात ३ आणि ८ सारखेच दिसतात, दुसऱ्या कोनात फरक कळतो. रात्री टॉर्च कडेला टेकवूनही हे होतं, मात्र दफनभूमीची परवानगी आधी घ्या.

दाढीचा फेस, खडूची पूड किंवा पीठ चोळून अक्षरं उठवायचा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका. फेसातली आम्लं आणि तेलकट अंश दगडाच्या छिद्रांत शिरून बसतात, धुऊन निघत नाहीत. तारेचा ब्रश आणि ब्लीच तर कधीच नको. कागद ठेवून कोळशाने ठसा घेणंही भुसभुशीत किंवा पोकळ वाजणाऱ्या दगडावर टाळा, हाताच्या दाबाने पापुद्रा सुटतो. शेवाळ काढायचंच असेल तर परवानगी घेऊन साधं पाणी आणि मऊ ब्रश, खालून वर. वरून सुरुवात केली तर मळकं पाणी ओघळून खालच्या कोरड्या दगडावर डाग धरतं.